समुद्र दाबून बसत नाही

खोक्यावर दोन आकडे होते. एक मोठा, ठळक, निळा: पन्नास. त्याच्या खाली, डोळे बारीक करून वाचावा लागेल असा दुसरा: वीस. टेपवालीने मोठा वाचला. आता कोणी म्हणेल, नऊ वर्षं टेपांमध्ये काढलेल्या बाईला छोटा आकडा वाचता येऊ नये? येत होता की. अडचण तीच होती. नवख्या माणसाने दोनदा वाचून वर कोणाला तरी विचारलं असतं. ज्याला येतं तो न वाचता पुढे जातो.

ती ज्या संस्थेत कामाला होती ती संस्था समुद्र ऐकायची. पाण्याखाली माईक सोडायचे आणि जे ऐकू येईल ते साठवायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. देवमाशांचे हाकारे, जहाजांची घरघर, तळाशी जमीन सरकल्याचा दणका, आणि यातलं काहीच नसेल तेव्हा नुसतं पाणी. हे सगळं वरच्या हॉलमधल्या डिस्कच्या कपाटांत भरलेलं होतं. कपाटं म्हातारी झाली होती, त्यांना गार ठेवता ठेवता इमारत घामाघूम होत होती, आणि हॉल महिनाअखेर सोडायचा होता. म्हणून सगळा समुद्र टेपांवर उतरवायचा आणि तळघरातल्या थंड खोलीत ठेवायचा, असं ठरलं. थंड खोली टेपवालीची. संस्थेत तिला तिच्या नावाने कोणी हाक मारत नसे, आणि तीही फोन उचलून "टेपवाली बोलतेय" असंच म्हणे.

खोलीला खिडकी नव्हती. दार लागलं की वरचे आवाज वरच राहत. टेपवाली बारा महिने स्वेटर घालून तिथे बसे, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. हातात मावेल एवढी चौकोनी कार्ट्रिज, तिच्या पोटात किलोमीटरभर लांब फीत, केसाहून पातळ. ड्राइव्हच्या तोंडात कार्ट्रिज सरकवली की आधी खुट्ट वाजायचं, मग आत फीत धावू लागायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिथून परत, पुन्हा तिकडे, दर खेपेला लिहिणारं डोकं इवलंसं बाजूला सरकणार आणि नवी ओळ धरणार. एका कार्ट्रिजला जवळजवळ पूर्ण दिवस. त्या आवाजात दिवस कधी सुरू झाला आणि कधी संपला हे तिला घड्याळाकडे पाहूनच कळे. डबासुद्धा ती तिथेच खाई, जे नियमात बसत नव्हतं.

आता ते दोन आकडे. ड्राइव्ह लिहिता लिहिता माल दाबतो. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा येत असेल तर ती एकदाच लिहितो आणि पुढे "असंच आणखी तीनशे वेळा" अशी चिठ्ठी ठेवतो. वाचताना चिठ्ठी पाहून सगळं जसंच्या तसं परत उलगडतो, एक अक्षर हरवत नाही. म्हणून फितीवर खरी जागा वीसची असली तरी पन्नासचा माल बसतो, असं कारखानदाराचं म्हणणं, आणि ते खोक्यावर निळ्या शाईत छापलेलं. टेपवालीने नऊ वर्षं संस्थेचे अहवाल, तक्ते आणि पत्रव्यवहार साठवले होते. अहवालांत काय, तेच ते शब्द, तेच ते रकाने. पन्नास सोडा, कधी कधी साठसुद्धा बसायचे. तिच्या अनुभवाने मोठा आकडा खरा होता.

समुद्र एकूण दोनशे चाळीस टेराबाइट होता. पन्नासच्या हिशोबाने पाच कार्ट्रिज. तिने आठ मागवल्या आणि संचालकबाईंना म्हणाली, "हात जरा सैलच सोडलाय."

पहिली कार्ट्रिज विसावर भरली. टेप संपत आल्याचा दिवा लागला तेव्हा तिला वाटलं, कार्ट्रिज खराब निघाली. दुसरी घातली, तीही विसावर भरली. तेव्हा मात्र तिची पाचावर धारण बसली. तिने खोकं पुन्हा हातात घेतलं, दिव्याखाली धरलं आणि छोटा आकडा वाचला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण खोक्याला बोल लावून काय उपयोग? दोन्ही आकडे खोक्यावर प्रामाणिकपणे छापलेले होते.

कानाला हेडफोन लावून तिने त्या दोन कार्ट्रिजांवरचा समुद्र जरा ऐकला आणि तिला कळलं. पाणी एकच गोष्ट दोनदा म्हणतच नाही. आपल्याला वाटतं, लाट आली, लाट गेली, यात नवीन ते काय? पण ड्राइव्ह बिचारा दर क्षणी काहीतरी ओळखीचं शोधत होता आणि दर क्षणी त्याच्यासमोर नवंच पाणी येत होतं. दाबण्यासारखं काहीच नाही. जेवढं आलं तेवढं सगळं लिहिणं भाग. म्हणजे बारा कार्ट्रिज लागणार होत्या. होत्या आठ. नव्या यायला दीड महिना, आणि हॉल रिकामा करायला बारा दिवस.

ती वर गेली आणि संचालकबाईंना सगळं सरळ सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडत नसत. त्या यादी काढत. यादी काढून त्यांनी पेन्सिल फिरवली.

"चार कमी पडतायत. मग चार कार्ट्रिजभर काय सोडता येईल ते बघू. हे बघा, टोकाची चौकी. अकरा वर्षांच्या नोंदी, ऐंशी टेराबाइट. शेरा आहे, 'रिकामे'. देवमासा नाही, जहाज नाही, काहीच नाही. बरोबर चार होतात."

टेपवाली खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "त्या माझ्या वडिलांनी घेतल्यात," ती म्हणाली.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मला माहीत नव्हतं. पण म्हणून ठेवायच्या का?"

"म्हणून नाही."

"बाराव्या दिवशी हॉलची वीज जाईल. तोवर जागा सापडली तर ठेवा, माझी काही हरकत नाही. माझ्याकडे मात्र जागा नाही."

घरी बाबा वाट पाहत बसलेले. बापलेक एका धोब्याच्या दुकानावर राहत होते. दिवसभर खालून इस्त्रीची वाफ वर यायची, त्यामुळे त्या दोन खोल्यांना कायम नुकत्याच वाळलेल्या कपड्यांचा वास असे. आई ती नऊ वर्षांची असताना गेली. त्याआधी आणि त्यानंतरही बाबा टोकाच्या चौकीवर होते. चौकी म्हणजे खडकावरची एक खोली, एक होडी आणि पाण्यात सोडलेला माईक. सहा दिवस तिकडे, एक दिवस घरी. शाळेत "वडील काय करतात?" असं विचारलं की ती सांगायची, "समुद्र ऐकतात," आणि वर्ग हसायचा.

"आज कुठवर आलीस?" बाबांनी विचारलं. सध्या रोज हाच प्रश्न होता. समुद्राची बदली होतेय म्हटल्यापासून त्यांच्या अंगात उत्साह संचारला होता.

"दोन झाल्या."

"माझी कधी येणार?"

"रांगेत आहे," ती म्हणाली आणि उगाच भांडी विसळायला उठली.

खरं सांगण्याची तिची छाती झाली नाही. आणि दुःख केवळ बाबांसाठी नव्हतं. एका मुलीचे वडील अकरा वर्षं घरात नव्हते; ती अकरा वर्षं कुठे गेली, याचा जगात एकच पुरावा होता, आणि तो आता तिच्याच हातून, तिच्याच चुकीने पुसला जाणार होता. ते जर 'रिकामे' म्हणून टाकून दिलं, तर आपण लहानपणी खिडकीत बसून वाट पाहिली ती कशाची, असा प्रश्न तिला पडला आणि तो काही केल्या जाईना. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं स्वतःलाच म्हणत तिने एकच पातेलं तीन वेळा धुतलं.

उरलेल्या कार्ट्रिज भरत राहिल्या. टेपवाली दिवसचे दिवस फितीचा आवाज ऐकत बसे आणि डोळ्यांनी खोलीभर जागा शोधत राही. पाचव्या दिवशी तिची नजर दाराजवळच्या फळीवर गेली. तिथे सहा कार्ट्रिज होत्या. तिच्या आधीच्या टेपवाल्याने ठेवलेल्या, रोज लागणाऱ्या गोष्टींच्या. तो गृहस्थ इतका उतावळा की सगळी संस्था त्याला घाईबुवा म्हणे. रजिस्टरात सहांच्याही पुढे 'भरली' असं लिहिलेलं होतं. काही सुचत नव्हतं म्हणून, केवळ म्हणून, तिने त्यातली एक ड्राइव्हमध्ये घातली आणि पडद्यावर तिची कुंडली पाहिली. फितीची लांबी: पूर्ण. क्षमता: चार.

तिने घाईबुवाला फोन लावला. तो आता रोपवाटिका चालवत होता. घाईच्या माणसाने झाडं वाढण्याची वाट पाहत बसावं, ही त्याच्या बायकोने त्याला लावलेली शिस्त होती.

"त्या होय? त्या मी छाटल्यात," तो म्हणाला.

"छाटल्यात म्हणजे?"

"अगं, कात्रीने नाही. ड्राइव्हला सांगून ठेवलंय, पाचव्या हिश्श्यावर थांब, पुढे जायचं नाही. किलोमीटरभर फीत पळवत कोण बसणार? सगळं तोंडापाशीच असलं की चुटकीसरशी सापडतं."

"आणि पुढची फीत?"

"कोरी. कोणी बोट लावलेलं नाही."

"रजिस्टरात तर 'भरली' लिहिलंय."

"भरलीच होती. मी दिली तेवढी जागा भरली होती." पलीकडे पाण्याच्या झारीचा आवाज आला. "तुला पुन्हा पूर्ण लांबीची करता येईल. पण सांगून ठेवतो, तसं करताना तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. आधी उतरवून घे. आणि तुला हे कोणी सांगितलं नाही याचा राग माझ्यावर काढू नकोस. मला घाई होती."

राग काढायला तिला सवड कुठे होती? तिने सहांमधला माल आधी वरच्या डिस्कवर उतरवून घेतला, दोन कार्ट्रिज पूर्ण लांबीच्या करून त्यांत सगळा पुन्हा भरला, नीट वाचून तपासला, आणि मगच बाकीच्या चारांना हात लावला. चारही उघडल्या. पडद्यावर चारच्या जागी वीस आलं तेव्हा तिला वाटलं, ज्या घरात इतकी वर्षं राहतोय त्या घरात एक दार होतं आणि पलीकडे मोठी मोकळी खोली होती. कपाटामागचं दार कोणी उघडलंच नव्हतं. चार कार्ट्रिज हव्या होत्या, चार मिळाल्या. ती एकटीच त्या थंड खोलीत हसली.

सातव्या दिवशी बाबांची अकरा वर्षं उतरायला लागली. तिने हेडफोन लावून ठेवले. त्या समुद्रात खरंच काही नव्हतं. पाणी होतं. खाली कुठेतरी वाळू सरकल्याचा चरचर आवाज, वर पाऊस पडत असावा तशी बारीक टिपटिप, आणि मधूनच एक खोल हुंकार, ज्याचं काय कारण असेल ते कळत नव्हतं. दुपारी जेवणानंतर तिचे डोळे मिटले. तिने पाहिलं की ती आणि बाबा दोघं मिळून समुद्राची घडी घालतायत. एक टोक तिच्या हातात, एक बाबांच्या. चादरीसारखी दोन्ही टोकं जुळवायला ती चालत पुढे जायची, बाबाही यायचे, आणि जवळ आले की मधल्या पोटात आणखी पाणी सापडायचं आणि दोघांना पुन्हा मागे सरावं लागायचं. बाबा म्हणत होते, "ओढू नकोस, ओढून व्हायचं नाही." तिला त्याचा मुळीच कंटाळा येत नव्हता. जाग आली तेव्हा मान अवघडलेली होती आणि कार्ट्रिज निम्मी भरलेली होती.

आठव्या दिवशी दुसरी कार्ट्रिज लागली. दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग पडद्यावरचा उरलेल्या जागेचा आकडा थांबला. ड्राइव्ह चालू होता, महिन्यामागून महिना आत चालला होता, पण जागा काही कमी होईना. एक महिना गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. सात महिने आत गेले आणि त्यांनी खाल्लेली जागा जेमतेम दोन-तीन दिवसांएवढी होती. मग आकडा पुन्हा पूर्वीसारखा उतरू लागला.

तिला वाटलं, लिहिण्यात काहीतरी चुकलं. तिने ते महिने परत वाचून पाहिले. मूळच्या बरहुकूम होते, काडीचा फरक नाही. ड्राइव्हने त्यांना दाबलं होतं, नव्वदात एक. अहवालसुद्धा कधी इतके दबले नव्हते. तिने हेडफोन लावले. काही ऐकू आलं नाही. शांत पाण्याचा सुद्धा एक आवाज असतो. इथे तोही नव्हता. दुसरा दिवस उघडला, तिसरा महिना उघडला, सहावा उघडला. कुठेच काही नव्हतं. सात महिने, दिवसरात्र, एकच शून्य पुन्हा पुन्हा लिहिलेलं, आणि ड्राइव्हने प्रामाणिकपणे चिठ्ठी ठेवलेली: असंच पुढे.

तिने त्या महिन्यांचे नोंदीचे कागद काढले. रोजची नोंद होती. बाबांचं तिरकं अक्षर. 'वारा मंद. पाणी शांत. यंत्र ठीक.' दुसऱ्या दिवशी, 'वारा मध्यम. पाणी शांत. यंत्र ठीक.' मग तिने महिने पाहिले. थंडी पडायच्या आधीपासून उन्हाळा लागेपर्यंत. मग वर्ष पाहिलं.

त्या वर्षी ती नऊ वर्षांची होती. त्या सात महिन्यांत बाबा घरी होते. आई खिडकीपाशी झोपलेली असायची आणि बाबा तिच्या उशाशी बसून फळ कापायचे, तिचे केस विंचरायचे, शाळेतून आल्यावर टेपवालीला गणितं घालायचे आणि ती चुकली की आई आतून उत्तर सांगायची. मुलीला सांगितलं होतं, बाबांना रजा मिळाली. आई जाणार होती आणि तरीही, आता म्हणायला कसंतरी वाटतं पण खरं आहे, टेपवालीच्या सगळ्या लहानपणात त्या महिन्यांइतके चांगले दिवस दुसरे नव्हते.

त्या संध्याकाळी ती घरी गेली ती बोलायचंच ठरवून. बाबांनी विचारलं, "कुठवर आलीस?"

"तुमच्यापर्यंत," ती म्हणाली. मग बसली आणि तिने सगळं सांगितलं, आपल्या चुकीपासून. जे पुन्हा पुन्हा येतं ते दबतं, समुद्र दबत नाही, आणि सात महिने मात्र दबले, हे तिने त्यांना हळूहळू समजावलं. बाबा मान हलवत ऐकत होते. खालून वाफ येत होती.

"म्हणजे यंत्राने पकडलं," ते म्हणाले.

"तार तुटली होती का, बाबा?"

"तुटली असं म्हण, मी नाही म्हणणार नाही. पण तुटली नव्हती. मी काढली. माईक पाण्यात ठेवायचा तर रोज होडी घालून बघावा लागायचा. मी रजा मागितली होती, मिळाली नाही. चौकीवर दुसरा माणूस नाही म्हणाले. मग मी माईक वर ओढला, पुसून पेटीत ठेवला आणि यंत्र नुसतंच चालू ठेवलं. आठवड्यातून एकदा जाऊन डिस्क बदलायचो आणि सात दिवसांचे कागद भरायचो. माईक जोडून ठेवला असता तर खोलीतला वारा भरला असता. तो समुद्र म्हणून पाठवायला मला बरं वाटलं नाही. म्हणून तार काढली. खोटा समुद्र पाठवण्यापेक्षा काहीच नसलेलं बरं."

"कोणी ऐकलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"हो ना. पहिला महिनाभर मी घाबरून होतो, आता कोणी विचारेल. मग दुसरा महिना गेला. तुझी आई म्हणायची, कोणी ऐकत नाही तेच बरं. मला मात्र वाईट वाटायला लागलं. इतकी वर्षं खरा समुद्र पाठवला, त्यावर कोणी बोललं नाही, आणि काही नाही पाठवलं, त्यावरही कोणी बोललं नाही. आज तीस वर्षांनी तू विचारतेयस."

टेपवालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. "संचालकबाईंना सांगितलं तर त्या म्हणतील, सात महिने खोटे तर बाकीच्यावर भरवसा कसा ठेवायचा? सगळीच अकरा वर्षं टाकतील. न सांगितलं तर कोणाला कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "मूठ माझी आहे ना? मग उघड. सांग."

"टाकली तर?"

"टाकली तर टाकली. जे कागद मी खोटे भरले, ते तुझ्या हातून पुन्हा खोटे लिहिले जायला नकोत."

सगळे महिने उतरून चौथी कार्ट्रिज भरेपर्यंत ती थांबली आणि अकराव्या दिवशी वर गेली. तिने एक कागद बरोबर नेला होता. त्यावर एकशे बत्तीस महिने, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे ड्राइव्हने तो महिना किती दाबला त्याचा आकडा. आधी तिने सांगायचं ते सांगितलं. संचालकबाईंचा चेहरा ती बोलत असताना बदलत गेला.

"मग बाकीची वर्षं खरी कशावरून?" त्यांनी विचारलं. विचारणारच होत्या.

तिने कागद पुढे केला. बाईंनी पेन्सिलचं टोक रकान्यावरून खाली नेलं. एकास एक. एकास एक. एकास एक. पानभर तेच. मग सात ओळी, नव्वदास एक. मग पुन्हा एकास एक, शेवटपर्यंत.

"तार काढली की यंत्राला लगेच कळतं," टेपवाली म्हणाली. "बाकी एकही महिना दबलेला नाही. तिथे पाणी आहे. रोजचं आहे. खडकावरून रोज होडी घालून आणलेलं आहे." तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. "माझ्या आकड्याच्या चुकीमुळे हे सगळं झालं. पण ती चूक झाली नसती तर मी हा रकाना कधी काढलाच नसता."

बाईंनी कागद बाजूला ठेवला. "हा 'रिकामे' शेरा कोणी मारला होता?"

"तुमच्या आधीच्या साहेबांनी."

"ऐकून?"

"नाही. देवमाशांचे हाकारे शोधणारा एक प्रोग्रॅम लावला होता, त्याला काही सापडलं नाही."

बाई उठल्या आणि तिच्याबरोबर खाली आल्या. संचालक झाल्यापासून त्या थंड खोलीत कधी आल्या नव्हत्या, त्यामुळे स्वेटर नव्हता. टेपवालीने आपला दिला. त्या स्टुलावर बसल्या, हेडफोन लावले आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं." टेपवालीने त्यांना मधलंच एक वर्ष लावून दिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ड्राइव्ह चालू होता. बाईंनी डोळे मिटून घेतले होते आणि हात मांडीवर सैल पडले होते. तासाभराने त्यांचा फोन दोनदा वाजून थांबला आणि त्यांना कळलंही नाही. हेडफोन काढला तेव्हा त्यांना क्षणभर आपण कुठे आहोत याचा अंदाज येत नव्हता.

"तो खालचा हुंकार कसला?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग रिकामे कसे म्हणतात लोक?" त्या उठल्या. "राहू द्या सगळं. शेरा काढून टाका. ते सात महिने किती जागा खातात?"

"जवळजवळ काहीच नाही."

"मग तेही राहू द्या. पण यादीत खरं काय ते लिहा. नोंद का नाही, तेही लिहा."

टेपवालीने त्याच दुपारी यादी उघडली. त्या सात महिन्यांच्या ओळींत कागदांवरून उतरलेला तो 'पाणी शांत' खोडला. बराच वेळ कर्सर रिकाम्या रकान्यात उघडझाप करत होता. मग तिने लिहिलं, आणि भरलेली चौथी कार्ट्रिज ड्राइव्हच्या तोंडातून काढून फळीवर ठेवली.

घरी आली तेव्हा बाबा दारातच उभे होते. आज त्यांनी कुठवर आलीस असं विचारलं नाही.

"ठेवलं," ती म्हणाली. "सगळं ठेवलं. बाईंनी तासभर ऐकलं."

"तासभर?"

"पाच मिनिटं म्हणून बसल्या होत्या."

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "आणि त्या महिन्यांचं? काय लिहिलंस?"

तिला पाठ होतं. "'या सात महिन्यांची नोंद नाही. माईक पाण्याबाहेर होता.' आणि कारणाच्या रकान्यात, 'पत्नी आजारी. नोंदणारा घरी होता.'"

बाबांनी ते मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. मग मान हलवली.

"नुसतं 'घरी होता' नको," ते म्हणाले. "वाचणाऱ्याला वाटेल, येऊन-जाऊन असेन. डिस्क बदलायचा एक दिवस सोडला तर सगळा वेळ घरी होतो मी. तिच्यापाशीच होतो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्यावर टेपवालीने स्वेटर घालायच्या आधी यादी उघडली, त्या सात ओळींच्या कारणाच्या रकान्यात 'सगळा वेळ' असे दोन शब्द घातले, आणि यादी कायमची बंद केली.